मज्जारज्जूच्या इजेनंतरच्या वेदना

मज्जारज्जूला इजा झाल्यानंतर इजेच्या पातळीवर, तिच्या वर किंवा खाली होणारे दुखणे. रस्त्यावरचा अपघात, झाडावरून वा इमारतीवरून पडणे, मणक्याचा क्षय ही इजेची काही कारणे. लुळे पडलेले पाय सर्वांना दिसतात. पण सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण दीर्घकाळ वेदनाही सोसत असतात.

सर्वांत चिवट प्रकार मज्जातंतूजन्य वेदनांचा. ज्या पायाला टाचणी टोचलेली कळत नाही, त्याच पायाची आग होते, मुंग्या येतात, करंट बसल्यासारखी कळ जाते. ‘पाय बधिर आहे, मग दुखेल कसा?’ असे घरचे विचारतात, क्वचित डॉक्टरही. हे दुखणे म्हणजे मनाचे खेळ नव्हेत. वेदना व तापमानाची जाणीव मेंदूकडे नेणारे तंतू तुटले, की इजेच्या कडेच्या चेतापेशी अकारण उत्तेजित होतात, वेदनेला आवर घालणारी यंत्रणा दुबळी पडते आणि मेंदूला दुखण्याचे संदेश जात राहतात. इजेच्या पातळीवर छातीपोटाभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते. तिथे सदरा घासलेलाही सोसत नाही. ही वेदना बहुधा लवकर सुरू होते. इजेखालची वेदना काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही उद्भवते.

खांदेदुखीचे कारण वेगळे: व्हीलचेअर ढकलणे आणि पलंगावरून खुर्चीत जाताना हातांवर पेललेला सारा भार. तिच्यावर योग्य व्यायाम व खुर्चीची नीट बसवणूक हाच मुख्य उपाय. तुंबलेले मूत्राशय व बद्धकोष्ठ यांमुळे पोट दुखते. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा तिच्या वर असल्यास त्यातून रक्तदाब एकाएकी वाढून डोके ठणकते. ही तातडीची, जिवावर बेतू शकणारी अवस्था आहे. रुग्णाला बसते करावे, कपडे सैल करावेत, लघवीची नळी मुडपली आहे का ते पाहावे आणि लगेच वैद्यकीय मदत मिळवावी.

मज्जातंतूजन्य वेदनांसाठी प्रीगाबालिन, गाबापेंटिन, अॅमिट्रिप्टिलिन ही औषधे देतात. आराम बहुधा अंशतःच पडतो, हे रुग्णाला आधीच सांगणे रास्त. दुखऱ्या बधिर पायावर गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नये. कातडी भाजली तरी कळत नाही.

बऱ्याच वर्षांनी नवे दुखणे सुरू झाले किंवा बधिरपणा वर सरकू लागला, तर मज्जारज्जूत द्रवाची पोकळी झाल्याची शंका घेऊन एमआरआय करावा लागतो.