संग्रह, सूची आणि वाङ्मयेतिहास

मराठी वाङ्मयेतिहासाची चर्चा बहुधा संहिता आणि त्यांचे अर्थनिर्णयन यांभोवती फिरते. त्या संहिता अभ्यासकापर्यंत पोहोचविणाऱ्या संस्थांचा विचार तीत अभावानेच आढळतो. वस्तुतः काय जतन झाले, यावरच कशाचा इतिहास लिहिता येईल हे अवलंबून असते.

१८६७ च्या कायद्याने मुद्रित पुस्तकांच्या प्रती सरकारजमा करणे आणि त्यांची नोंद होणे बंधनकारक झाले. तत्पूर्वीच्या मराठी मुद्रितांना, म्हणजे दोलामुद्रितांना, हा आधार नव्हता. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) आणि लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) याच कालखंडातील. या काळातील ग्रंथांच्या जतनाचा मोठा भार वर्गणी, देणग्या आणि विनामोबदला श्रम यांवर उभ्या राहिलेल्या संस्थांनी वाहिला. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) ही त्यांतील ठळक नावे. महाराष्ट्रात ग्रंथालयांच्या अनुदानाला कायद्याचे अधिष्ठान लाभले ते पुष्कळ नंतर, १९६७ मध्ये.

मात्र ग्रंथ साठविणे म्हणजे जतन नव्हे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या कालखंडाची ‘मराठी ग्रंथसूची’ सिद्ध केली, तेव्हा विखुरलेल्या मुद्रितांना प्रथमच एक वाङ्मयीन परंपरा म्हणून न्याहाळणे शक्य झाले. लेखक, प्रकाशनवर्ष, आवृत्ती, विषय यांचा निर्णय करणारा सूचीकार एका अर्थी समीक्षेचेच प्राथमिक कार्य करीत असतो.

डिजिटल जतनाच्या संदर्भात हा मुद्दा अधिक निकडीचा ठरतो. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात प्रतिमाबद्ध झालेली असंख्य भारतीय पुस्तके पुढे ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या १९९६ साली स्थापन झालेल्या ना-नफा संस्थेच्या संग्रहात आली आणि जगभरच्या वाचकांना विनामूल्य उपलब्ध झाली. हे ऋण मोठे आहे. परंतु त्यांतील अनेक मराठी ग्रंथांची शीर्षके रोमन लिपीत, तीही विपर्यस्त रूपात नोंदलेली आहेत. काहींच्या नोंदींत लेखकाचे नाव वा आवृत्ती यांचा पत्ता नाही. असा ग्रंथ उपलब्ध असूनही अभ्यासकाच्या दृष्टीने हरवलेलाच राहतो. दुसऱ्या आवृत्तीची प्रत पहिली समजून काढलेले निष्कर्ष तर वाङ्मयेतिहासालाच चकवू शकतात.

म्हणून प्रतिमांकनासाठी निधी उभारणाऱ्या संस्थांनी सूचीकाराच्या श्रमांसाठीही तरतूद करणे अगत्याचे आहे. मराठी विभागांनी दाते यांच्या सूचीशी या नोंदी ताडून पाहण्याचे काम संशोधनकार्य म्हणून स्वीकारले, तर या डिजिटल संचिताला वाङ्मयेतिहासाच्या साधनांचे मोल प्राप्त होईल.