वडवणीचे हवामान

वडवणी हे महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील बीड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. येथील हवामान उष्ण व निमशुष्क असून पाऊस प्रामुख्याने नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून मिळतो.

हवा आणि हवामान

शालेय भूगोलात वातावरणाच्या अल्पकालीन स्थितीस ‘हवा’, तर दीर्घकालीन सरासरी स्थितीस ‘हवामान’ म्हणतात. व्यवहारात मात्र दोन्हींसाठी ‘हवामान’ हाच शब्द रूढ आहे. सरासरी काढण्यासाठी साधारणतः ३० वर्षांच्या नोंदी घेतल्या जातात. त्यामुळे एखाद्या वर्षी पाऊस न होणे म्हणजे हवामान बदलणे नव्हे. मात्र १९७२, २०१२ आणि २०१५ यांसारखी दुष्काळी वर्षे पुन्हा पुन्हा येणे, म्हणजेच पावसाची अनिश्चितता, हे मराठवाड्याच्या हवामानाचेच वैशिष्ट्य आहे.

पर्जन्यछाया

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीमुळे अडून वर चढतात, थंड होतात आणि कोकण व घाटमाथ्यावर प्रतिरोध पाऊस देतात. पूर्वेकडे उतरताना ते उबदार व कोरडे होतात. परिणामी महाबळेश्वर येथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर बीड जिल्ह्याची वार्षिक सरासरी सुमारे ६६६ मिलिमीटर आहे.

जागतिक वर्गीकरणातील स्थान

वडवणी सुमारे १९° उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने उष्ण कटिबंधात येते. हे कटिबंध केवळ अक्षांशांवरून ठरतात. हवामानशास्त्रज्ञ व्लादिमिर कोपेन (१८४६–१९४०) यांनी तापमान व पर्जन्य यांच्या आधारे उष्णकटिबंधीय, शुष्क, समशीतोष्ण, खंडीय आणि ध्रुवीय असे पाच मुख्य गट केले. त्यांत हा प्रदेश शुष्क गटातील ‘उष्ण निमशुष्क’ या उपप्रकारात मोडतो.

वर्षातील किमान ७० टक्के पाऊस एप्रिल ते सप्टेंबर या काळात पडत असल्यास वार्षिक सरासरी तापमानाला (अंश सेल्सियस) २० ने गुणून त्यात २८० मिळवतात. येणारी संख्या ही मिलिमीटरमधील शुष्कतेची मर्यादा होय. तापमान २६ अंश धरल्यास ती ८०० येते. जिल्ह्याचा पाऊस तिच्याहून कमी, पण निम्म्याहून जास्त असल्याने हवामान निमशुष्क ठरते. तो ४०० मिलिमीटरहून कमी असता तर ते वाळवंटी ठरले असते. लंडनमध्येही वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटरच पाऊस पडतो. परंतु तेथे तो वर्षभर विभागलेला असल्याने २८० ऐवजी १४० मिळवतात. सरासरी तापमान ११ अंश धरल्यास मर्यादा ३६० येते आणि लंडन समशीतोष्ण गटात जाते.

जनजीवनावरील परिणाम

पाऊस मुख्यतः चार महिन्यांपुरता असल्याने खरिपातील कापूस, सोयाबीन व तूर ही पिके त्यावर अवलंबून असतात, तर रब्बी ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर येते. सिंचन अपुरे असलेल्या बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दरवर्षी हंगामात ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात स्थलांतर करतात.