उपचारपद्धती व एकस्व

शस्त्रक्रियेची वा उपचाराची नवी रीत शोधणाऱ्यास तिच्या वापराचा अनन्य अधिकार द्यावा किंवा कसे, हा एकस्व विधीतील (पेटंट कायद्यातील) जुना वादविषय होय. भारतीय विधीने त्यास नकारार्थी उत्तर दिले आहे. एकस्व अधिनियम, १९७० च्या कलम ३ (आय) प्रमाणे माणसांवरील औषधी, शस्त्रक्रियात्मक, रोगनिवारक वा रोगप्रतिबंधक उपचारांची प्रक्रिया ‘शोध’ ठरत नाही. २००२ च्या दुरुस्तीने निदानाच्या प्रक्रियाही या अपवादात आल्या. अमेरिकेत अशी बंदी नव्हती. सॅम्युएल पॅलिन या नेत्रशल्यविशारदाने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील टाक्याविना मिटणाऱ्या छेदाचे एकस्व मिळवून १९९३ मध्ये एका समव्यावसायिकावर दावा लावला. या प्रकरणाने वैद्यकवर्गात मोठा क्षोभ उसळला व १९९६ मध्ये तेथील संसदेने वैद्यांना अशा दाव्यांपासून संरक्षण दिले.

औषधांची गोष्ट निराळी. न्या. अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालास अनुसरून १९७० च्या अधिनियमाने औषधाच्या केवळ निर्मितिप्रक्रियेस एकस्व देऊ केले, तेही जास्तीत जास्त सात वर्षे. साहजिकच तेच औषध वेगळ्या मार्गाने बनविण्यास देशी कारखानदार मोकळे झाले. बोईसरलगतच्या तारापूर औद्योगिक क्षेत्रातील मूळ औषधी द्रव्यांचा व्यवसाय याच धोरणाच्या छायेत वाढला. त्या वाढीची किंमत मात्र खाडीलगतच्या मच्छीमारांनी सांडपाण्याच्या रूपाने मोजली. लोकहिताच्या चर्चेत हा पक्ष सहसा येत नाही.

१ जानेवारी २००५ पासून औषधद्रव्यासही वीस वर्षांचे एकस्व मिळू लागले. त्यावर अंकुश म्हणून सक्तीच्या परवान्याची तरतूद कायम आहे. ९ मार्च २०१२ रोजी एकस्व नियंत्रकांनी मुंबई येथे बायर कंपनीच्या ‘सोराफेनिब’ या कर्करोगावरील औषधासाठी नॅट्को कंपनीस देशातील पहिला असा परवाना दिला. महिन्याच्या १२० गोळ्यांना २,८०,४२८ रुपये पडत. परवान्याने ही किंमत कमाल ८,८८० रुपये ठरली. जुलै २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय उचलून धरला.

उपचारपद्धती मुक्त असली, तरी तीत वापरावयाच्या उपकरणास एकस्व मिळू शकते. हृदयरोहिणी रुंदावण्याची क्रिया कोणीही कुशल वैद्य करू शकतो. तीतील जाळीनळीच्या (स्टेंटच्या) किंमतीवर मात्र शासनाला फेब्रुवारी २०१७ मध्ये वेगळी मर्यादा घालावी लागली.