आधी मुद्दे की आधी मजकूर?

परवा नात सांगत होती, तिच्या कॉलेजात लेखाआधी दहा मिनिटं न थांबता, खाडाखोड न करता सुचेल ते लिहायला लावतात. मुद्दे मागाहून त्यातूनच वेचायचे. अमेरिकेतल्या पीटर एल्बो या प्राध्यापकांनी १९७३ च्या पुस्तकातून ही रीत लोकप्रिय केली म्हणे.

मला साने गुरुजी आठवले. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला त्यांनी 'श्यामची आई' लिहायला घेतली आणि १३ तारखेला संपवलीसुद्धा. पाच दिवस! अर्थात हे अगदी तेच नव्हे (मास्तरकी सुटत नाही, काय करणार). आदल्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचनं त्यांनी ऐकता ऐकता उतरवून घेतली होती, म्हणजे हात धावता झालेला. आणि आई तर मनात काठोकाठ भरलेली. मुद्दे काढायला थांबायचं कशाला?

आमच्या वर्गात मात्र फळ्यावर मुद्दे लिहिल्याशिवाय वही उघडायची नाही, असा माझा दंडक. 'माझी आई' या विषयालाही मी पाच मुद्दे दिले होते. पन्नास वह्या तपासल्या, सगळ्यांत एकच आई. पहाटे उठणारी.