डोपामिन रोखणारी औषधे : उपयोग, परिणाम आणि घरच्यांनी घ्यायची काळजी

लिंबायत, उधना, डिंडोली भागांतील आपल्या घरांत औषधांचा एक डबा असतोच. त्यातली उलटीची गोळी, गॅसची कॅप्सूल आणि मनाच्या आजाराची गोळी ही कधी कधी एकाच कुळातली निघतात. म्हणून सभासदांसाठी ही माहिती देत आहोत.

काम कसे चालते
डोपामिन हे मेंदूत निरोप पोचवणारे रसायन आहे. विचार, उत्साह, हालचाल आणि मळमळ यांच्याशी त्याचा संबंध असतो. ही औषधे त्या निरोपाची वाट अडवतात.

उपयोग
१९५२ मध्ये पॅरिसच्या झाँ दले आणि पिएर देनिकेर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिनचा मानसिक आजारावरील गुण जगापुढे मांडला. पुढे हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन ही औषधे आली. भास होणे, विनाकारण संशय, अतिउन्माद यांवर ती देतात. मेटोक्लोप्रमाइड व डोम्पेरिडोन उलटीवर, तर लेव्होसल्पिराइड अपचनावर देतात. लेव्होसल्पिराइड अनेकदा ॲसिडिटीच्या औषधासोबत एकाच कॅप्सूलमध्ये असते.

दुष्परिणाम
- हात थरथरणे, चाल मंदावणे, चेहरा निर्विकार होणे. आजी-आजोबांच्या बाबतीत आपण ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो. कारण गोळीही असू शकते.
- मान वाकडी होणे, जबडा धरणे. हे तरुणांत व मुलांत अधिक दिसते.
- एका जागी बसवत नाही अशी तगमग.
- दीर्घकाळ घेतल्यास जीभ, ओठ आपोआप हलू लागणे. हे कायमचेही राहू शकते.
- पाळी अनियमित होणे, वजन व साखर वाढणे. डोम्पेरिडोनने काहींच्या हृदयाचे ठोके बिघडतात.

जोराचा ताप, अंग ताठ होणे आणि भ्रम एकत्र दिसल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

आपण काय करावे
पोटाच्या गोळ्या जुन्या चिठ्ठीवर महिनोन्‌महिने आणू नयेत. मेटोक्लोप्रमाइड जास्तीत जास्त पाच दिवस द्यावे, असे युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्येच सांगितले आहे. कंपवाताच्या रुग्णाला उलटीचे औषध देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

मनाच्या आजाराची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. बरे वाटले म्हणून, किंवा लग्नाला धुळे-जळगावकडे जाताना डबा राहिला म्हणून गोळ्या चुकल्या, तर आजार उलटू शकतो. त्रास होत असल्यास डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात. आपल्याकडे नवी सिव्हिल आणि स्मीमेर या दोन्ही रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. आणि या गोळ्या घेणाऱ्या माणसाला नावे ठेवू नयेत. रक्तदाबाची गोळी आपण लपवत नाही, तशी हीही लपवायची गोष्ट नाही.