सोने जेथे हरले

सोन्याला मान देण्याची आपली सवय इतकी जुनी आहे, की एखाद्या नाजूक कामात सोने हरले आणि ज्याची आपण पातेली करतो तो धातू जिंकला, असे सांगितले तर सहसा कोणी विश्वास ठेवणार नाही. पण माणसाचा आवाज टिपण्याच्या कामात तसेच घडले. फितीच्या, म्हणजे रिबन मायक्रोफोनच्या इतिहासात ती हकीकत वाचावयास मिळते.

१९२० नंतरच्या दशकात जर्मनीतील सीमेन्स कंपनीच्या वाल्टर शॉट्की आणि एर्विन गेरलाख यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणली. चुंबकाच्या दोन ध्रुवांमधील फटीत धातूची एक पातळ फीत सैलसर ताणून बसवावयाची. आवाजाने हवा हलली की फीत हलते, आणि तिच्यात अल्पशी वीज उपजते. पुढे अमेरिकेत आर. सी. ए. कंपनीच्या हॅरी ओल्सन यांनी तिला स्टुडिओत मानाचे स्थान मिळवून दिले. त्यांचा '४४-ए' हा मायक्रोफोन १९३२ च्या सुमारास निघाला.

फीत कशाची करावी? तिच्या दोन अटी. वीज चांगली वाहिली पाहिजे आणि वजन जवळजवळ नसावे. तांबे वीज उत्तम वाहते, पण अॅल्युमिनियमपेक्षा तिपटीहून अधिक जड. सोन्याचा तर डोळ्यांना दिसेल न दिसेल असा वर्ख निघतो; परंतु त्याच जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा जवळजवळ तितकीच वीज वाहतो आणि भरतो मात्र त्याच्या सातव्या हिश्श्याइतका. तेथेच निकाल लागला. गंमत अशी, की १८८६ साली हॉल आणि एरू यांनी स्वस्तात अॅल्युमिनियम काढण्याची रीत शोधीपर्यंत तो स्वतःच किमती धातूंत मोडत होता.

'४४' च्या फितीची जाडी सुमारे अडीच मायक्रॉन. आपल्या केसाच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याइतकी. तिला आडव्या बारीक चुण्या घालतात, म्हणून ती लवचीक राहते. इंग्लंडात बी. बी. सी. ला अमेरिकन मायक्रोफोन शंभर पौंडांहूनही महाग पडत; तेव्हा तिने मार्कोनी कंपनीच्या साह्याने १९३४ साली स्वतःचा फितीचा मायक्रोफोन तयार केला. त्याची किंमत अवघी ९ पौंड. १९५० नंतर बी. बी. सी. च्याच आराखड्यावरून '४०३८' निघाला. त्याची फीत तर ०.६ मायक्रॉनची.

इतकी हलकी वस्तू हवेच्या मनाप्रमाणे वागते, म्हणूनच तिने टिपलेला आवाज मऊ आणि खरा वाटतो. आणि म्हणूनच जोराची एक फुंकरही तिला सोसत नाही. उघड्यावर मायक्रोफोन झाकून न्यावा लागतो. चुंबक लोखंडाचा कीस ओढून घेतो. वर्षे लोटली की चुण्या उलगडतात आणि फीत लोंबू लागते. गुण आणि दोष एकाच पातळपणाच्या पोटी जन्मले आहेत. एक ठेवून दुसरा टाकता येत नाही.

आजच्या दुरुस्ती करणाऱ्यापुढे येथेच पेच उभा राहतो. फाटलेल्या फितीच्या जागी जाड फीत बसविली तर ती टिकते. पण दुप्पट जाडीची फीत दुप्पट जड असल्याने निम्म्याच वेगाने हलते, आणि विजेचा दाबही निम्म्यावर येतो. यंत्राचे नाव, पेटी, चुंबक सारे जुने राहते. आवाज मात्र तोच आहे, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

एवढ्यासाठी एकच मागणे आहे. कोणाच्या हाती असा जुना मायक्रोफोन आला, तर त्याची पितळी पट्टी घासून चकचकीत करण्याची घाई नको. आधी आतली फीत पाहावी, तिची जाडी आणि चुण्या यांची नोंद करावी, आणि बदलावीच लागली तर जुनी फीत कागदाच्या घडीत जपून त्या यंत्राबरोबरच ठेवावी. गेल्या पिढ्यांतील किती गायक आणि वक्ते यांचा श्वास सर्वांत आधी तिलाच लागलेला असतो.