डोळ्यावरची गाठ काढली, मग पुन्हा तपासणी कशाला?

“डॉक्टर, डोळ्यात मांस वाढलंय” ही तक्रार आपल्या कोयना-पाटण भागात नवी नाही. उन्हात, वाऱ्यात राबणाऱ्या माणसाच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारा पापुद्रा बहुतेक वेळा टेरिजियम असतो. तो कर्करोग नव्हे. पण क्वचित त्याच जागी, तशाच रूपात वाढणारी गाठ कर्करोगाची किंवा त्याच्या आधीच्या अवस्थेची निघते. या आजाराला ऑक्युलर सरफेस स्क्वेमस निओप्लाझिया, थोडक्यात ‘ओएसएसएन’ म्हणतात. गाठ काढली की डोळा स्वच्छ दिसतो आणि रुग्णाला वाटतं, काम झालं. तसं का समजू नये, हे या उपचारांचा इतिहास पाहिला की कळतं.

जर्मन नेत्रतज्ज्ञ फॉन ग्रेफ यांनी १८६० मध्ये या कर्करोगाचं वर्णन केलं. पुढे दीर्घकाळ मुख्य उपचार एकच होता, कापून काढणं. आजार डोळ्याच्या आत शिरला असेल तर अख्खा डोळा काढावा लागे. गाठ लहान असली तरी ती परत येई. कारण बिघडलेल्या पेशी नजरेला दिसणाऱ्या गाठीच्या पलीकडेही पसरलेल्या असतात. शेतातली हरळी वरून कापली आणि मुळी राहिली, की ती पुन्हा फुटते, तसंच हे.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये आपल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काढलेल्या तुकड्याच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ असतील तर आजार क्वचित परतला होता. कडांवर बिघडलेल्या पेशी राहिल्या असतील तर जवळपास निम्म्या रुग्णांत तो परतला. म्हणून बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘मार्जिन’ हा शब्द इतका महत्त्वाचा.

मग भरपूर कडा सोडून का कापत नाहीत? डोळ्याचा पृष्ठभाग एवढासा असतो. बुबुळाच्या काठावर नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात. त्या जास्त गेल्या तर बुबुळ धूसर होतं. यावर १९८० च्या दशकात कडा गोठवण्याची पद्धत, म्हणजे क्रायोथेरपी, रुळली. १९९७ मध्ये फिलाडेल्फियाच्या शील्ड्स दांपत्याने व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नो टच’ पद्धत मांडली. गाठीला उपकरणाचा स्पर्श न करता, भोवतीच्या निरोगी पट्ट्यासह ती काढायची, म्हणजे पेशी इकडेतिकडे सांडत नाहीत. जखम मोठी असेल तर दान मिळालेल्या वारेवरचं पातळ आवरण तिथे लावतात.

दुसरा मोठा बदल थेंबांचा. १९९४ मध्ये जेरुसलेमच्या डॉक्टरांनी मायटोमायसिन या कर्करोगाच्या औषधाचे थेंब वापरल्याचं प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी इंटरफेरॉनच्या थेंबांनी असा आजार ओसरल्याची नोंद अमेरिकेतून आली. १९५७ पासून माहीत असलेलं फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिलही डोळ्यासाठी कामी आलं. थेंबांचा फायदा असा, की ते डोळ्याच्या सगळ्या पृष्ठभागावर पोचतात, न दिसणाऱ्या पेशींवरही. पण मायटोमायसिन डोळ्याला झोंबतं. इंटरफेरॉन सौम्य असलं तरी ते अनेक महिने घालावं लागतं, थंड ठेवावं लागतं आणि अलीकडे ते मिळणंही कठीण झालं आहे. म्हणून थेंब डॉक्टरांनी सांगितलेल्या पाळीनेच घाला. डोळा बरा दिसला म्हणून मध्येच बंद करू नका.

आणखी एक दुवा आफ्रिकेतून कळला. १९९० मध्ये रवांडातून आणि १९९५ मध्ये युगांडातून आलेल्या अभ्यासांत या कर्करोगाचा एचआयव्हीशी संबंध दिसला. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेनेही २०१५ मध्ये २०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध करून एचआयव्ही असलेल्या आणि नसलेल्या रुग्णांची तुलना केली. प्रतिकारशक्ती कमी असेल तर आजार लहान वयात येतो, आक्रमक असतो आणि परत येण्याची शक्यताही वाढते. शेजारच्या सांगली जिल्ह्याने एचआयव्हीची मोठी झळ सोसली आहे. ‘संग्राम’ ही संस्था तिथे १९९२ पासून काम करते आहे. म्हणून नेत्रतज्ज्ञांनी एचआयव्हीची तपासणी सांगितली तर रागावू नका. तो तुमच्या चारित्र्यावरचा संशय नाही. एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधं मोफत मिळतात, आणि एचआयव्ही आटोक्यात असणं हा डोळ्याच्या उपचाराचाच भाग आहे.

आता मूळ प्रश्न. डॉ. जेफ्री टॅबिन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं, की हा आजार शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच वर्षांनीही परत येऊ शकतो. म्हणूनच तपासणी वर्षानुवर्षं करायची. सुरुवातीला काही महिन्यांच्या अंतराने, नंतर डॉक्टर सांगतील तशी. परतलेला आजार लहान असताना सापडला तर अनेकदा थेंबांनीच आटोक्यात येतो. उशीर झाला तर दृष्टी, कधी डोळाही जातो.

आपल्याकडची अडचण मला माहीत आहे. कराडला जायचं म्हणजे दिवस मोडतो, अनेकांचं काम मुंबईत असतं. म्हणून एवढं करा. काढलेला प्रत्येक तुकडा बायोप्सीला गेला का, हे विचारा. रिपोर्टमध्ये मार्जिन स्वच्छ आहे का, ते विचारा. तो रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवा आणि मुंबईला जाताना बरोबर न्या, म्हणजे तिथल्या नेत्रतज्ज्ञांनाही तपासणी पुढे चालू ठेवता येईल. उन्हात टोपी आणि चष्मा वापरा. आणि त्याच डोळ्यात लाली, पांढरट डाग किंवा जाळीदार रक्तवाहिन्या दिसल्या तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.